जिंकून राहिला

अमरावतीच्या एका मंगल कार्यालयात टेबलावर मांडून खेळायच्या खेळांचं संमेलन भरणार, अशी बातमी अकोटच्या मित्रानं फोनवर दिली, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ल्युडो आला. पण त्याला तसं म्हणायची सोय नव्हती. तो अकोटला शाळेत गणित शिकवतो आणि फावल्या वेळात त्यानं स्वतःचा एक खेळ तयार केला आहे. पुठ्ठ्यावर रंगवलेला शेंदूरजनाघाटचा संत्र्याचा बाजार. नारिंगी लाकडी मणी म्हणजे संत्री, काड्यापेट्या म्हणजे ट्रक. पिशवीतून मणी काढायचे, ट्रक भरायचे, भरायचे राहिले ते सडले. शेवटी ज्याच्याकडे जास्त संत्री, तो जिंकला.

मी आणि अकोल्यात मेडिकलचं दुकान चालवणारा आमचा दुसरा मित्र, आम्ही हा खेळ पुष्कळदा खेळलो आहोत. पण खेळतो ते त्याच्या घरी, त्याच्या बायकोच्या हातचं भरपेट जेवून. अशा माणसांचं मत कोण धरतं? त्याला तेच खुपत होतं. मेडिकलवाल्याच्या गाडीनं मूर्तिजापूर ओलांडलं, तेव्हा मांडीवरचा खोका सांभाळत तो म्हणाला, "तुमी दोघं तं मी साबनाच्या वड्या मांडल्या तरी खेळसान. मले पाहाचं हाये, अनोळखी मानूस 'पुन्हा मांडा' म्हनते का."

"अन् नाही म्हटलं तं?" मी विचारलं.

"तं समजीन का आपून गनितच शिकवावं."

"तेही पोट्टे पुन्हा शिकवा म्हनत नाहीत," मेडिकलवाला म्हणाला.

कार्यालयाच्या मंचावर कुठल्याशा लग्नातल्या दोन सिंहासनी खुर्च्या तशाच होत्या. प्रमुख पाहुणे त्यांतल्या नवरदेवाच्या खुर्चीत बसले. त्यांनी शाल स्वीकारली, श्रीफळ स्वीकारलं आणि मैदानी खेळांनी शरीर कसं कणखर होतं यावर बरंच बोलले. समोर बसलेल्या मंडळींतले निम्मे खुर्चीतून उठायलाही तयार नव्हते. मग उद्घाटन म्हणून त्यांच्या हातून थर्माकोलचा भला मोठा फासा टाकवला. पडला एक. फोटोला एक बरा दिसत नाही, म्हणून त्यांना पुन्हा टाकायला लावलं. सहा पडेपर्यंत आम्ही टाळ्या तयार ठेवून बसलो. नशिबाच्या खेळात मोठ्या माणसांना अशी सवलत असते, हे मला तिथं नीट कळलं.

नव्या खेळांची टेबलं मागच्या बाजूला, पंगतीच्या हॉलमध्ये होती. तिथं एक रीत होती: ज्यानं खेळ बनवला त्यानं बोलायचं नाही. खेळणाऱ्यांनी नियमांचा कागद वाचायचा, समजेल तसं खेळायचं, आणि त्यानं बाजूला बसून फक्त पाहायचं. रीत शहाणपणाची आहे. कुठल्याही वऱ्हाडी माणसाला झेपणारी मात्र नाही.

टेबलाशी पुण्याहून आलेले चौघे बसले. त्यातली एक चष्मेवाली मुलगी कागद मोठ्यानं वाचू लागली. नियम वऱ्हाडीत लिहिलेले होते. पुण्याच्या भाषेत लिहिलं तं संत्रं आंबट होते, असं आमच्या मित्राचं म्हणणं. तिचं वाचन कौतुकानं, जरा अडखळत चाललं होतं. मग ती एका ओळीवर थांबली. "जो जिंकून राहिला, त्यानं आपली अर्धी संत्री सगळ्यात मांगच्याले द्यावी."

आमच्याकडे 'मी जेवून राहिलो' म्हणजे माझं जेवण चालू आहे, घास अजून तोंडात आहे. पुण्याच्या कानाला जेवण आटोपल्यासारखं वाटतं.

"म्हणजे जो जिंकला त्याने शेवटी अर्धी संत्री सगळ्यात मागच्याला द्यायची," ती म्हणाली.

"मग मागचाच पुढे जाईल की," शेजारचा म्हणाला.

"तेच तर. म्हणजे आपल्याला शेवटचं यायचंय."

मित्राचा हात वर गेला आणि तसाच डोक्यामागे जाऊन थांबला. नियम असा होता की प्रत्येक फेरीत जो पुढे असेल त्यानं अर्धी संत्री द्यायची, म्हणजे कुणाचंच फार फावत नाही. पण आता चौघेही मागं राहायला झटू लागले. ट्रक रिकामे जाऊ लागले. संत्री बाजारभर सडत पडली आणि ते एकमेकांना पंगतीतल्यासारखा आग्रह करू लागले: तुम्ही घ्या ना, थोडी तरी घ्या. हसून हसून एकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बोल ना बे," मेडिकलवाला कुजबुजला.

मित्रानं मान हलवली. त्याला इतका वेळ गप्प बसलेलं मी त्याच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

खेळ संपला तोवर भोवती माणसं जमली होती. गळ्यात तीन बिल्ले घातलेले एक संयोजक पुढे आले आणि म्हणाले, "पराजयाचं तत्त्वज्ञान मांडलंत तुम्ही. बाजारव्यवस्थेवर एवढं मार्मिक भाष्य. कसं सुचलं?"

"सुचलं म्हन," मेडिकलवाल्यानं मागून ढोसलं. "काय जाते तुवं?"

मित्रानं चष्मेवालीकडे पाहिलं. ती म्हणत होती, "पुन्हा मांडू या का?"

ज्या शब्दांसाठी तो अकोटहून आला होता, ते त्याला मिळाले. फक्त ते दुसऱ्याच खेळासाठी होते.

"नाही सुचलं," तो म्हणाला. "हे लोक चुकीचं खेळले." आणि त्यानं 'राहिला'चा अर्थ सांगितला, वर्गात सांगावा तसा, एकदाच.

बिल्लेवाले थोडे हिरमुसले. "मग नियम प्रमाण मराठीत लिहायचे."

"शेंदूरजन्याच्या बाजारात तसं कोनी बोलत नाही, साहेब."

"मला विचाराल तर चूकच ठेवा. चूक जास्त चांगली आहे."

मित्र काड्यापेट्या सरळ करत चौघांना म्हणाला, "मांडतो. पन या बारीनं जिंकाचं हाये."

ते बसले, थोडे भिडेखातर, असं मला वाटलं. या वेळी कुणी हसेना. पहिल्या फेरीला चष्मेवाली पुढे होती. तिनं अर्धी संत्री मोजून दिली आणि मग घेणाऱ्याच्या ट्रककडे पाहत राहिली. दुसऱ्या फेरीला तो घेणाराच पुढे गेला, त्यालाही द्यावी लागली. भोवतीची माणसं पांगली. बिल्लेवाले दुसऱ्या टेबलावर भाष्य शोधायला गेले.

"हासून नाही राहिले बे," मेडिकलवाला माझ्या कानात म्हणाला. मीही तेच पाहत होतो. मित्राला आता बोलायला मोकळीक होती, तरी तो हातातला एक जादा मणी तेवढा फिरवत होता.

बऱ्याच वेळानं चष्मेवालीनं पुठ्ठ्यावरून नजर न काढता विचारलं, "किती फेऱ्या राहिल्या?"

"दोन."

"दोनच?"

"वाढवता येतात," तो म्हणाला.