शकुच्या गाडीतलं बोटीचं तेल

शकु रागावली की ओरडायची नाही, म्हणूनच वर्सोव्याच्या कोळीवाड्यात लोक तिला टरकून असायचे. ओरडणारी बाई ओरडून मोकळी होते. शकु राग लोणच्यासारखा मुरवत ठेवायची, आणि बरणी कधी उघडायची ते तिचं तीच ठरवायची.

नवरा अंबादास गेला तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. मूलबाळ नव्हतं. मासळी विकायला अंधेरीच्या बाजारात जायचं तर टोपलीच्या वासाने रिक्षावाले मान फिरवायचे. एका सकाळी लागोपाठ अकरा रिक्षा तिला टाळून गेल्या. बारावी थांबली, पण शकु तिच्यात बसली नाही. ती तडक ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेली, टोपलीसकट.

सहा महिन्यांत तिने एक जुनी पेट्रोलची गाडी घेतली. मागची सीट काढून बर्फाचे खोके बसवले, आणि सात बंगला, लोखंडवाला इथल्या बिल्डिंगींत फोनवर ऑर्डर घेऊन साफ केलेलं पापलेट, सुरमईच्या तुकड्या घरपोच द्यायला लागली. कोळीवाडा हसला. सगळ्यात मोठ्याने हसला तिचा धाकटा दीर नंदकिशोर. बोट त्याची, आणि इंजिनाच्या बाबतीत अख्ख्या आळीत त्याचा शब्द शेवटचा. "आता मावरा पन गाडीत बसून हिंडनार!" तो मासळीच्या खोक्यांकडे बोट दाखवत म्हणाला होता. त्याचीच मुलगी कल्पिता मात्र शिकाऊ लायसन काढून काकीच्या शेजारी जाऊन बसली. बावीस वर्षांची पोर. रोज सकाळी शकु तिला गाडी शिकवायची आणि पोरगी क्लच सोडताना जीभ बाहेर काढायची. शकुचा जीव कुणावर असेल तर तो त्या पोरीवर होता.

मार्चमध्ये शकु दोन दिवस माहेरी मढला गेली. त्या दोन दिवसांत नंदकिशोर गाडी घेऊन दहिसरला पाहुण्यांकडे जाऊन आला. विचारलं नाही, सांगितलंही नाही. तिसऱ्या दिवशी शकु नेहमीसारखी ऑर्डरी घेऊन निघाली, आणि चार बंगल्याच्या सिग्नलला गाडीच्या मागून निळसर धुराचा लोट निघाला. तेलाचा लाल दिवा लागला. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मागे हॉर्नचा गोंगाट, खोक्यात बर्फ वितळतोय, आणि शकु भर रस्त्यात बॉनेट उघडून उभी. त्या दिवशीची सगळी मासळी कावळ्यांना गेली.

गॅरेजमध्ये मेकॅनिक सुयोगने तेल मोजायची काठी बाहेर काढली आणि डोक्याला हात लावला.

"काकी, हे कोणी भरलं?"

"का रे?"

"काठीवर या दोन खुणा आहेत ना, तेल यांच्या मध्ये पाहिजे. इथे वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर आहे. आणि हे आपलं तेल नाहीच. चोळून बघा." त्याने तिच्या चिमटीत थेंब सोडला. "तुमच्या इंजिनाला पातळ तेल लागतं. हे जाडं, मोठ्या डिझेल इंजिनाचं. एवढं भरलं की आत घुसळून त्याचा फेस होतो. फेसाने काय इंजिन सांभाळलं जातंय? सगळी वाट लागली."

शकुने चिमूट नाकाशी नेली. तिला दुसरं काही विचारायची गरज उरली नाही. बोटीच्या तेलात ती तीस वर्षं राहिली होती.

बोटीवरची रीत अशी. जुनं मशीन तेल पितं, भर समुद्रात ते कमी पडलं तर कोण देणार? म्हणून निघायच्या आधी खुणेच्या वरपर्यंत ओतून ठेवायचं, जास्त झालं तर झालं. नंदकिशोरने दहिसरहून आल्यावर काठी बघितली असणार, तेल जरा खाली दिसलं असणार, आणि पडवीतला बोटीच्या तेलाचा डबा उचलून त्याने हात सैल सोडला असणार. गाडीच्या डिकीत योग्य तेलाचा छोटा डबा होता. तो त्याने उघडलासुद्धा नाही. इथवर सगळं माफीच्या लायक होतं. शकु तसं स्वतःशी बोललीही.

ती त्याच्या दारात गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "भावजी, तेल तुम्ही घातलं का? राग नाय माझा. फक्त सांगा."

"मी? मी हात पन नाय लावला," नंदकिशोर म्हणाला. तेवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण संध्याकाळी बंदरावर जाळी शिवणाऱ्यांच्या घोळक्यात तो म्हणाला, "तेल न घालताच पळवली असंल. बाईच्या हातात इंजिन दिल्यावर दुसरा काय होनार?" आठवड्याभरात ते वाक्य घराघरांत पोचलं. गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली. ज्या दोघी-तिघी गाडी शिकायचं म्हणत होत्या त्यांच्या नवऱ्यांनी विषय संपवला. आणि नंदकिशोरने कल्पिताचं शिकाऊ लायसन कपाटात ठेवून कुलूप लावलं.

कल्पिता रडत आली. "काकी, बाबांनीच भरलं. मी बघितलं. पण मी बोलले तर मला घराबाहेर काढतील."

"तू नको बोलूस," शकु म्हणाली. "तो बोलेल. चार माणसांत बोलेल."

आता शकुला एवढंच हवं होतं. गाडी दुरुस्त होऊन मे महिन्यात आली, पण तिचं मन गाडीत नव्हतं. तिला नंदकिशोरच्या तोंडून ते वाक्य हवं होतं: मी घातलं. आणि ते कसं काढायचं हे तिला ठाऊक होतं, कारण नंदकिशोरची एक गोष्ट जगात फक्त तिला ठाऊक होती.

नंदकिशोरला वाचता येत नव्हतं. आठव्या वर्षी बापाबरोबर बोटीवर गेला तो शाळेकडे फिरकला नाही. शकु नवी नवरी होऊन आली, सातवी पास, तेव्हा तो मच्छीमार सोसायटीची एक नोटीस घेऊन तिच्याकडे आला होता. म्हणाला, डोळ्यात खारं पाणी गेलंय, जरा वाच. तेव्हापासून तीस वर्षं डिझेलची कागदपत्रं, लायसनची पत्रं, लग्नाच्या पत्रिका, सगळं ती गुपचूप वाचून देत आली. त्याच्या बायकोलाही ते कळलं नव्हतं, मुलीलाही नाही. शकुने अंबादासलासुद्धा सांगितलं नव्हतं. मार्चनंतरही तो दोनदा कागद घेऊन आला, जणू मध्ये काही झालंच नव्हतं, आणि शकुने दोन्ही वेळा वाचून दिला. तोंडावर हसू ठेवून दिला. आतून तिचं रक्त उकळत होतं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्यांच्या आळीतल्या बोटींची मशीनं सुरू करून बघायचा रिवाज होता. पहिलं तेल घालायचा मान नंदकिशोरचा. बंदरावर पन्नास-साठ माणसं, फुलांच्या माळा, बायका नटूनथटून. शकुने गाडी थेट बंदरावर आणली, हॉर्न वाजवला, बॉनेट उघडलं. मग डिकीतून दोन डबे काढून बॉनेटशेजारी खाली ठेवले. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच हिरव्या रंगाचे. दोन्हींवर तिने कागद चिकटवून जाड मार्करने लिहिलं होतं. एकावर 'बोट', दुसऱ्यावर 'गाडी'.

"भावजी," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "आज मान तुमचा. माझ्या गाडीला पन तुमच्या हातानं घाला. परत चुकायला नको म्हनून नावं लिहून आणलीत."

लोक हसले. त्यांना ती थट्टा वाटली. पहिलीतल्या पोराला जमेल असं काम होतं ते. नंदकिशोर पुढे आला, डब्यांसमोर उभा राहिला. एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. मग त्याने शकुकडे बघितलं आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. शकुच्या काळजात गार वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"घाल ना रे! लिहिलंय तर खरं!" कुणीतरी ओरडलं.

नंदकिशोर खाली वाकला. एका डब्याचं झाकण काढून त्याने बोट आत घालायला हात पुढे केला. जन्मभर इंजिनात गेलेल्या माणसाला जाडं-पातळ चोळून कळणारच. शकुने त्याचं मनगट धरलं.

"बोट नाय लावायचं. वाचून सांगा."

आधी पुढच्यांना कळलं, मग मागच्यांना. नंदकिशोरची बायको तोंडावर पदर घेऊन उभी राहिली. कल्पिताचे डोळे बापावरून काकीवर आणि काकीवरून बापावर फिरत होते.

नंदकिशोरने मनगट सोडवून घेतलं नाही. तो तसाच वाकलेला म्हणाला, "मना वाचता येत नाय, वयनी. तुना म्हाईत हाय." मग उभा राहून लोकांकडे तोंड करून म्हणाला, "वयनीच्या गाडीत बोटीचा तेल मीच घातला. आमच्या मशीनला घालतो तसा, वरपर्यंत. तिचा काय नव्हता. मी खोटा बोललो."

झालं. शकुला हवं होतं ते शब्दाशब्दाने मिळालं, मागितलं त्याहून जास्तच. तिला आनंद झाला आणि तो तिने लपवला नाही. ताठ मानेने ती सगळ्यांकडे बघत राहिली. बघा म्हणावं, आता बोला.

म्हाताऱ्या कृष्णाबाईने तेवढं विचारलं, "शकु, तुला आधीपासून ठाऊक होतं?"

"होतं," शकु म्हणाली.

कल्पिता पुढे आली. तिने 'गाडी' लिहिलेला डबा उचलला, काठी काढून पुसली, पुन्हा बुडवून बघितली. शकुने शिकवलं होतं तसं थोडं थोडं ओतलं, मध्ये थांबली, परत काठी बघितली, बरोबर दोन खुणांच्या मध्ये आणून झाकण घट्ट लावलं. एक थेंब सांडला नाही. बॉनेट बंद केलं आणि डबा शकुच्या हातात दिला.

"काकी, तू मला सांगितलं असतंस," ती म्हणाली, "तर मी त्यांना वाचायला शिकवलं असतं."

मग ती बापाजवळ गेली, त्याच्या दंडाला धरून त्याला घरी घेऊन गेली. त्या वर्षी मशीनला पहिलं तेल दुसऱ्याच कुणीतरी घातलं.

गिऱ्हाइकं परत आली. गाडी झकास चालू लागली. सप्टेंबरमध्ये शकुला सात बंगल्याच्या नाक्यावर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी दिसली, आत कल्पिता, क्लचवर पाय, जीभ बाहेर. शकुने हॉर्न वाजवला. कल्पिताने बघितलं, ओळखलं, आणि मास्तरांनी सांगितलं तसं डावीकडे वळून निघून गेली.