चांदमारीची पेन्सिल

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही — आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय ते तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखत असता तर हवापाण्याच्या गप्पा मारून तुम्हाला चहा पाजला असता आणि वाटेला लावलं असतं. त्यात माझा हात कोणी धरू शकत नाही.

मी पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. यवतमाळात अजूनही काही जण मला 'फायरिंग मास्तर' म्हणतात. बँकेचे रखवालदार, शस्त्राचा परवाना हवा असलेले लोक माझ्याकडे शिकायला येतात, आणि यांना बंदूक हाताळता येते असं मी लिहून देतो. माझ्या सहीला मान आहे. सही करताना माझ्या तळहाताला घाम सुटतो, हे मात्र कोणाला दिसत नाही. मी पंच्याच्या टोकाने हात पुसतो आणि उन्हाळ्याला शिव्या देतो. डिसेंबरातसुद्धा.

दीड-दोन महिन्यांपूर्वी फोन आला. कुठेतरी दूर अतिरेकी हल्ला झाला होता, टीव्हीवर दिवसभर तेच चाललं होतं, आणि आमच्या भागातल्या नागरिकांच्या मंडळाने सभा ठेवली होती. विषय — पोलिसांनी आणि प्रशिक्षण घेतलेल्या नागरिकांनी रोज शस्त्र बाळगावं का? वक्ता मी. तुमच्याइतका जाणकार जिल्ह्यात कोण आहे, असं ते म्हणाले. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं, यांना कळलंय. यांना सगळं कळलंय आणि म्हणूनच बोलावताहेत. त्या रात्री मी दाराची कडी तीनदा तपासली — कोण येणार होतं घरात?

पण मी पुढचं आधी सांगतोय. मागचं आधी सांगायला हवं.

चांदमारी म्हणजे आमचा वर्षाचा गोळीबाराचा सराव. गावाबाहेर मोकळं रान, एका बाजूला मातीचा उंच बांध, बांधाच्या पायथ्याशी कागदी निशाणाच्या फळ्या आणि फळ्यांखाली माणूस बसेल असा खंदक. गोळ्या झाडून झाल्या की शिट्टी होते. मग खंदकातला माणूस वर येतो, कागदावरची भोकं मोजतो, आकडा ओरडून सांगतो आणि रजिस्टरला लिहितो. तो माणूस मी. कितीतरी वर्षं मीच.

आता आमच्या जिल्ह्यातला पोलीस म्हणजे काठीवाला पोलीस. बंदोबस्त, मोर्चा, यात्रा, शेताच्या धुऱ्या-बांधावरून झालेली भांडणं — बंदूक लागते कोणाला? वर्षातून एकदा दहा गोळ्या हातात पडायच्या, त्याही डोक्यावर ऊन यायच्या आत संपवायच्या. साहेबांना दुपारपर्यंत सगळे पास हवे असायचे. जो नापास त्याला परत आणायचं, परत गोळ्या मागायच्या, वर कागद पाठवायचे. एवढा उपद्व्याप कोण करणार? मग मी एक सोय काढली. एसएलआर रायफलच्या गोळीचं भोक आणि शाळेतल्या पेन्सिलीने पाडलेलं भोक, कागदावर यांत फरक कळत नाही. चार नापासांचे चार पास व्हायला दोन मिनिटं लागतात. लांबून बघणाऱ्यांना वाटे मास्तर मोजतोय. मी खुपसत असायचो.

हे अनेकांसाठी केलं. बहुतेकांना ठाऊक होतं, ते डोळा मारून जायचे. दादारावला ठाऊक नव्हतं.

दादाराव माझ्याच भरतीचा. मनाने सरळ, आवाज बारीक, कागदपत्रांत हुशार — म्हणून त्याला मुद्देमालाच्या खोलीत बसवलेलं. जप्त केलेल्या सायकली, चाकू, दारूचे कॅन यांना चिठ्ठ्या लावत त्याची अकरा वर्षं गेली. बाकीचे त्याला 'भंगारवाला' म्हणायचे. चांदमारीला आला की आवाजाआधीच त्याचे डोळे मिटायचे. त्या वर्षी त्याच्या कागदावर दोन भोकं होती, दहापैकी दोन. मागे सगळे हसायला टपून बसले होते. मला त्याची कीव आली — की मला मोठेपणा मिरवायचा होता? आज मला दोन्ही खरं वाटतं. मी सात भोकं पाडली आणि ओरडलो, नऊ!

त्याचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. तो मागे वळून सगळ्यांकडे बघत राहिला. संध्याकाळी त्याने ठाण्यात पेढे वाटले, मलाही दिला. मी खाल्ला. मग पुढच्या वर्षी काय करणार? नऊवाला एकदम दोनवर आला तर रजिस्टर बघणारा विचारील. म्हणून पुन्हा नऊ. तिसऱ्या वर्षीही नऊ. त्याला कोणी भंगारवाला म्हणेना. त्याला वाटायचं, हातात उपजतच काहीतरी आहे आपल्या, उगाच इतकी वर्षं चिठ्ठ्या लावत बसलो.

मग तो इशारा आला. त्यालाही आता बारा वर्षं होतील. गर्दीच्या ठिकाणी घातपात होऊ शकतो, बेवारस पिशव्यांवर लक्ष ठेवा, बस स्थानकावर भरलेली शस्त्रं घेऊन माणसं उभी करा. कोणती माणसं? साहेबांनी चांदमारीचं रजिस्टर मागवलं आणि वरची नावं मला वाचायला सांगितली. मी वाचली. दुसरंच नाव दादारावचं होतं. तेव्हा थांबता आलं असतं. घसा खाकरून एवढंच म्हणायचं होतं — साहेब, हा राहू द्या. मी पुढचं नाव वाचलं.

आमच्याकडे गाडीत जागा कशी धरतात तुम्हाला ठाऊकच आहे. बस फलाटाला लागायच्या आतच लोक तिच्याबरोबर पळतात आणि खिडकीतून रुमाल टाकतात, टोपी टाकतात, पिशवी टाकतात. ज्याचा रुमाल त्याची सीट. दादाराव स्वतः जन्मभर असाच जागा धरत आला. पण चार दिवस कानात एकच — पिशवी, पिशवी, पिशवी. हातात भरलेली रायफल. अन् वणीची गाडी आत शिरली तशी एक माणूस जड पिशवी घेऊन तिच्याकडे धावत सुटला. पिशवीतून तारा बाहेर आल्या होत्या. दादाराव थांब म्हणून ओरडला. त्या कलकलाटात कोणाला ऐकू जातंय? माणसाने पिशवी खिडकीतून आत भिरकावली आणि त्याच क्षणी गोळी सुटली.

तो मारेगावचा मारोती. विहिरीवरच्या मोटारींचं वायंडिंग करायचा. पिशवीत तांब्याची तार आणि पक्कड होती. गोळी मांडीत लागली. नागपूरला नेऊन त्याचा उजवा पाय मांडीपासून कापावा लागला.

काठी असती तर दादाराव पळत गेला असता, त्याला दोन टोले हाणले असते आणि शिव्या घालून सोडलं असतं. हे मी हजार वेळा मनात घोळवलंय. आणि दुसरी बाजूही घोळवलीय — खरंच बॉम्ब असता तर? बंदूक द्यावी की न द्यावी यावर शहाणी माणसं भांडतात, तेव्हा दोन्हीकडची माणसं एक गोष्ट धरूनच चालतात, की ज्याला दिली तो शिकलेला आहे. तो शिकलेला आहे हे कोणी लिहिलं, कसं लिहिलं, हे कोणी विचारत नाही. मला तेवढंच ठाऊक आहे.

चौकशीत दादारावने सांगितलं की आपण मारोतीच्या पुढ्यात जमिनीवर गोळी मारली, दरारा बसावा म्हणून. आपला नेम पक्का, तो हातभरही चुकणार नाही, असं त्याला मनापासून वाटत होतं. असं कोणी वाटायला लावलं त्याला? साहेबांनी रजिस्टर उघडलं. तीन वर्षं दहापैकी नऊ. अशा माणसाची गोळी तीस पावलांवर जमिनीऐवजी मांडीत जाते? म्हणजे अंगावरच रोखली होती. मला आत बोलावलं, ही नोंद खरी का, विचारलं.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? माझी नोकरी गेली असती. माझ्यावर गुन्हा झाला असता. साहेबांचीही पंचाईत झाली असती. आणि दादारावकडे एक कच्चा, भेदरलेला माणूस म्हणून पाहिलं गेलं असतं, ज्याला आम्हीच भरलेली बंदूक देऊन गर्दीत उभं केलं.

"होय साहेब," मी म्हणालो, "माझ्या समोरचं फायरिंग आहे."

तो बडतर्फ झाला. कोर्टातही तेच रजिस्टर गेलं, तिथेही मी तेच बोललो, आणि तो दीड वर्ष आत राहिला. एकच माणूस त्याच्या बाजूने बोलला, तो म्हणजे मारोती. कुबड्यांवर उभा राहून त्याने सांगितलं की यानं मुद्दाम मारलं असं मला वाटत नाही, घाबरून सुटली असेल. मी बाहेर बाकावर बसून ते ऐकलं. पाय गेलेल्या माणसाला जे दिसलं ते त्याने सांगितलं, आणि माझे दोन्ही पाय शाबूत होते.

सुटून आल्यावर दादारावने झेरॉक्सचं दुकान टाकलं. मी जात राहिलो त्याच्याकडे. कशाला? तो काही बोलतो का बघायला, त्याला शंका आलीय का चाचपायला. मैत्री म्हणून जात होतो असं लोकांना वाटायचं, त्यालाही वाटायचं. शंका त्याला आली नाही. त्याऐवजी जे आलं ते त्याने एकदा मशीन बंद करून मला सांगितलं.

"भाऊ, माह्या हातून नेम चुकत नव्हता ना? मंग तवाच कसा चुकला? माह्या मनातच काई असन. मले त्याले मारायचंच असन."

ऐकलंत? मी पाडलेल्या भोकांवर विश्वास ठेवून हा माणूस स्वतःला खुनशी समजत होता. मी त्याला म्हणालो, जाऊ दे, जुन्या गोष्टी कायले उकरतो. वर मी त्याची पाठ थोपटली.

तर ती सभा. मी गेलो आणि बोललो. झकास बोललो, टाळ्या पडल्या. पोलिसांच्या हातात रोज शस्त्र हवं, शिकलेल्या नागरिकांच्याही हातात हवं, भीती कसली? शिकलेल्या माणसाची गोळी भरकटत नाही, जिथे पाठवली तिथेच जाते. हे वाक्य कुठून आलं माझ्या तोंडात? बहुतेक चौकशीतलंच असेल. बोलून झाल्यावर पाणी प्यायला ग्लास उचलला, तेव्हा दुसऱ्या रांगेत दादाराव दिसला. तो टाळ्या वाजवत नव्हता. खाली बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो घरी आला. म्हणाला, तुमचं बोलणं पटलं भाऊ, आता माझी खात्री झाली, मारेगावला जाऊन मारोतीला खरं सांगून टाकतो, त्याने कोर्टात माझी बाजू घेतली ते ओझं मला सोसवत नाही, तुम्ही संगं चला. मी कामाचं निमित्त सांगितलं, गुडघ्याचं सांगितलं. तो उभाच राहिला. शेवटी गेलो. त्याला एकट्याला जाऊ द्यायची मला भीती वाटली — तिथे काय निघेल, कोण काय विचारेल.

मारोतीच्या घरापुढे टिनाच्या सावलीत तो मोटार उघडून बसला होता. दादारावला ओळखून तो हसला. खरंच हसला. बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला, आम्हाला खाट दिली. पोरं काय करतात, पाऊस कसा झाला, अशी विचारपूस केली. चहा हातात आला तसा दादाराव खाली बघत बोलू लागला. कोर्टात तू जे बोललास ते खोटं होतं, असं त्याने सांगितलं. तो म्हणाला, मी घाबरलो नव्हतो. मला येत होतं. माझ्या हाताला चुकायचं माहीतच नव्हतं, म्हणजे गोळी मी तुझ्यावरच मारली.

मारोतीने पुढ्यातली मोटार बाजूला सारली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"हवालदार साहेब, शिकवणारे त तुमी होते. याचा नेम खरंच इतका पक्का होता काय?"

तिथे साहेब नव्हते. कोर्ट नव्हतं. माझी पेन्शन कोणी काढून घेणार नव्हतं. मारोती, त्याची बायको, दादाराव आणि मी, एवढेच होतो. एक शब्द पुरला असता. दोघांनाही.

मी मान हलवली. हो.

मारोतीने कुबडी ओढून घेतली आणि तो उठून घरात गेला. त्याच्या बायकोने आमच्या हातातले कप घेतले. माझ्या कपातला चहा अर्धा होता. दार लोटून घेतल्याचा आवाज आला, मोठा नाही, साधाच.

फाट्यावर गाडीची वाट बघत उभे होतो तेव्हा दादारावने दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि म्हणाला, "बरं झालं भाऊ, तुमी संगं आले."

मी हं म्हणालो. त्याला अजून सांगितलेलं नाही.