सायराबानूच्या पुड्या

कळंबची सायराबानू आजारातून उठली ती वासाची जाणीव गमावूनच. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा इमाम बारामतीच्या दवाखान्यात गेला आणि परत आला नाही. तीही पंधरा दिवस पडून होती. ताप उतरला, चव थोडीफार परतली, वास मात्र आला नाही. रडूही आलं नाही. सासू म्हणाली, "रडून घे, मोकळी होशील." सायराबानूनं मान डोलावली आणि भाकरी थापायला बसली.

पुढच्या वर्षी गावाजवळ विजयसिंह नावाच्या शेतकी पदवीधरानं मित्रकिडींची छोटी प्रयोगशाळा काढली. तिथं हिरवट, जाळीदार पंखांचे किडे वाढवत. त्यांच्या अळ्या उसावरची मावा ही कीड खातात. मावा लागलेलं झाड एक वास सोडतं आणि तो धरून हे किडे येतात. तसाच वास असलेलं वनस्पतीचं तेल पुड्यांत भरून शेतात टांगायचं, असं ते काम. वास इतका उग्र, की बायका दोन दिवसांत डोकं धरून निघून जात. सायराबानू टिकली. ती रोज तीनशे पुड्या भरायची. काम आवडतं का, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

गेल्या भाद्रपदात गेणबातात्यांच्या दोन एकर उसाला लोकरी मावा लागला. पानांखाली कापूस पसरल्यागत पांढरं झालं. विजयसिंहांनी तिला पुड्या टांगायला आणि अळ्या सोडायला पाठवलं. आठ दिवस फवारणी करायची नाही, असं ठरलं होतं. सहाव्या दिवशी ती बघायला गेली, तर तात्या पाठीवर पंप चढवून बांधावर उभे.

"भाभी, पानं काळी पडाय लागली. आता मी औषध मारणार."

"तात्या, औषधानं आधी अळ्या मरतील."

"कुठं हायत तुझ्या अळ्या?"

ती उसात शिरली, एक पान उलटं केलं. पांढऱ्या लोकरीत तपकिरी अळी मावा धरून शोषत होती. दुसऱ्या पानावर दोन होत्या. तात्यांनी चष्मा सारखा करून बराच वेळ पाहिलं आणि पंप खाली ठेवला.

"रस्त्याकडच्या चार सऱ्या मारतो. बाकीचं राहू दे."

मग टांगलेली पुडी हुंगून ते म्हणाले, "आमची म्हातारी कंबरेला बाम चोळती, त्येचाच वास हाय ह्यो."

"बामाचा?"

"व्हय. तुला ठावं न्हाय?"

इमाम ट्रॅक्टरवर ऊस वाहायचा. हंगामात रोज संध्याकाळी ती त्याच्या पाठीला बाम चोळायची. तिनं पुडी नाकाशी धरून लांब श्वास घेतला. काही आलं नाही. छातीतही काही हललं नाही.

"मला न्हाय येत," ती म्हणाली.

तीन आठवड्यांत आतल्या उसातला मावा विरळ झाला. फवारलेल्या चार सऱ्यांत तो पुन्हा चढला. तात्यांनी कौतुक केलं नाही, फक्त निरोप धाडला, की पुढच्या वेळी त्याच बाईला पाठवा. आता आठवड्यातले तीन दिवस ती शेतांवर जाते.

तात्यांनी बामाचं सांगितलं, त्याच संध्याकाळी तिनं लेकीला, मुबशिराला, विचारलं, "तुझ्या अब्बांच्या बामाचा वास कसा होता गं?"

"आधी थंडगार. मग डोळ्यांत झोंबायचा. तुला आठवत नाही?"

"नाही. सांग की."

मुबशिरा सांगू लागली. सायराबानूनं गॅस बारीक केला आणि ऐकत बसली.