जावेच्या खोलीत गोधड्या

गोधडी शिवायला टेबल लागत नाही. हे सुनेला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. तिने मोबाइलवर कुठल्यातरी बाईची शिवणाची खोली दाखवली. मोठं टेबल, वर दिवा, भिंतीवर रंगाप्रमाणे लावलेली रिळं.

मी म्हटलं, "गोधडी जमिनीवर आंथरून शिवा लागते. तिच्यावरच बसा लागते. टेबलावर चढून बसू काय मी?"

"मंग कंबर धरली म्हनून सांगू नका."

"सांगितलं कधी तुले?"

गोधड्या घरासाठी नव्हत्या. मागच्या हिवाळ्यात माझा भाऊ मंगरूळपीरला दवाखान्यात होता. आजाऱ्याला खाट मिळते, सोबत आलेल्याला फरशी. व्हरांड्यात बाया खताच्या रिकाम्या पोत्यांवर, पदर ओढून निजलेल्या पाहिल्या. मीही तशीच निजले. घरी आल्यावर ठरवलं, या सोबतीच्या माणसांसाठी गोधड्या शिवायच्या. पुण्य मिळेल, असा विचार केला नव्हता. फरशी गार होती, एवढंच.

कापडाची अडचण नव्हती. गावात कोणत्याही घरी जुनी लुगडी मागा, बाया गाठोडी आणून टाकतात. अडचण जागेची होती. मोठ्या माणसाची गोधडी पूर्ण पसरेल अशी घरात एकच खोली, मधली. तिथे माझ्या धाकट्या जावेची बाज होती.

आम्हा दोघींचेही नवरे गेले. त्यानंतर आम्ही दोघी याच घरात राहिलो. मग ती पुण्याला मुलाकडे गेली. "गुडघ्याचं करून येतो," म्हणाली. गुडघ्याचं होऊन गेलं, ती आली नाही. बाज तशीच ठेवली होती. मी रोज तिच्यावरची धूळ झटकायची.

आमच्याकडे मोठी गोधडी दोघीजणी शिवतात. एक या काठाला, एक त्या काठाला. शिवत शिवत मधोमध भेटायचं. माझा हात भरभर चालायचा आणि टाके लांब पडायचे. तिचे तांदळाएवढे. गोधडी अंगावर घेतली की अंधारातही कळायचं, कोणाची बाजू वर आली.

"बाई, तुमचे टाके हायेत का सोयाबीनच्या वावरातले तास?" ती म्हणायची. "पायाचं बोट अडकते माह्या."

"अन् तुही बाजू होईपर्यंत उन्हाळा लागते."

मला आणखी एक खोड होती. बसल्या बसल्या माझंच लुगडं गोधडीला शिवून टाकायची आणि उठताना तोंडावर पडायची. म्हणून मी उठायला लागले की ती आधी माझ्या मांडीखाली हात घालून पाहायची. कधी न बोलता, कधी शिव्या देत.

बाज काढायची तर तिला विचारायला हवं होतं. मी भांडणाच्या तयारीने फोन लावला.

"तुह्या खोलीत गोधड्या शिवाच्या हायेत. बाज काढू काय?"

"काढा नं."

"ठेवू कुठं?"

"ठेवता कायले? देऊन टाका कोनाले."

"अन् तू आल्यावर?"

"बाई, मले मांडी घालू देत नाही डॉक्टर. खाली बसलो त उठता येत नाही. गोधडी काय बाजीवर बसून शिवतात?"

सुनेला मी हेच सांगितलं होतं.

"नको शिवू. नुसती ये."

"इथं लिफ्ट हाय. तिकडं ओटा चढा लागते."

"तीन पायऱ्या हायेत ओट्याले."

"तुमाले तीन."

'माह्या बाजीले हात लावाल त याद राखा,' असं ती म्हणेल, याची मी वाट पाहत होते. ती म्हणाली नाही. नातीला शाळेतून आणायचं होतं, तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाज शेजारच्या घरी दिली. खोली धुतली. खिडकीसमोर सतरंजी टाकली, कारण मला आता सुई ओवायला उजेड लागतो. सुया, दोरे, कातरी एका डब्यात घालून डबा उजव्या हाताशी ठेवला. पलीकडचा काठ ताणून धरायला कोणी नव्हतं, म्हणून चार विटांना चिंध्या गुंडाळल्या आणि कोपऱ्यांवर ठेवल्या. विटा कापड बरं धरतात. सून म्हणाली, सुट्टीच्या दिवशी मी बसते पलीकडे. मी नको म्हटलं. तिला घरचं काय कमी काम आहे? पण खरं कारण ते नव्हतं.

आता मी एका काठाकडून मध्यापर्यंत येते. मग उठून वळसा घालते आणि दुसऱ्या काठाकडून सुरू करते. सगळे टाके लांबच.

दोन गोधड्या दवाखान्यात पोचल्या, तिसरी पसरली होती, तेव्हा जावेचा आपणहून फोन आला. तब्येत विचारली, कापसाच्या पऱ्हाटीचं विचारलं. मग म्हणाली, "बाज देली काय?"

"देली. तूच सांगितलं होतं."

"हो. बरं केलं."

मला वाटलं, आता ठेवेल. तिने ठेवला नाही.

"कोनाले देली?"

मी घर सांगितलं.

"त्याहिची पोरं लय वांड हायेत. उड्या मारतीन. दोरी ढिली करून ठेवतीन."

"करू दे. तुले काय कराचं?"

"मले काय कराचं," ती म्हणाली. फोनमधून तिकडच्या रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज येत राहिला. मी फोन कानाला तसाच धरून बसले.