आर्डिथने दिलेली चूक

आर्डिथ क्वाले हिने आमच्या गावच्या बेसबॉल संघाची गुणवही अठ्ठेचाळीस उन्हाळे लिहिली. त्यातली एक नोंद तिला जन्मभर टोचत राहिली. ती दुरुस्त करायला निघाली तेव्हा तिला कोणी दाद दिली नाही.

मिनेसोटातल्या आमच्यासारख्या गावांत संघ म्हणजे शिक्षक, गवंडी, गोठेवाले. रविवारी चर्च आटोपून खेळणारे. बॅटर चेंडू मारून पहिल्या तळावर पोचला, तर तो त्याचा फटका की क्षेत्ररक्षकाची चूक, हे वही लिहिणारा ठरवतो. १९७१च्या ऑगस्टमध्ये आमचा मर्ल चेंडू टाकत होता आणि शेवटच्या डावापर्यंत समोरच्यांना एकही फटका मिळाला नव्हता. असा सामना गावाच्या नशिबी एखादाच. तेवढ्यात समोरच्यांनी मारलेला एक चेंडू खड्यावर आपटला आणि आमचा क्षेत्ररक्षक लेलंड ब्रोझेक याच्या खांद्यावरून उडाला. तो कोणाच्या बापाला अडवता आला नसता. पण फटका लिहिला तर मर्लचा पराक्रम गेला, म्हणून चारशे माणसं माना वळवून आर्डिथकडे बघायला लागली. ती तेवीस वर्षांची. तिने लिहिलं: चूक, लेलंड.

मर्ल अजरामर झाला. लेलंडच्या हातून हॉटेलात साधा चमचा पडला तरी कोणीतरी म्हणायचं, "लिही गं आर्डिथ." अशी त्रेपन्न वर्षं. तो हसायचा. तिला हसू यायचं नाही.

परवा संघाला शंभर वर्षं झाली. दहा संस्मरणीय क्षणांच्या दहा पाट्या मैदानाच्या कुंपणावर लावायचं ठरलं. पहिली अर्थातच मर्लची, खाली लेलंडच्या चुकीसकट. आर्डिथ समितीपुढे गेली आणि तो फटका होता, पाटी बदला, असं तिने सरळ सांगितलं. अध्यक्ष कर्ट तिच्या मुलाच्या वयाचा. पाट्या रंगवून झाल्यात, मर्लच्या नातवंडांना बोलावलंय, वगैरे त्याने ऐकवलं. वही लिहिणाऱ्याचा निर्णय अंतिम असतो, असं ती म्हणाली.

"तेच म्हणतोय मी, आर्डिथबाई," कर्ट म्हणाला. "तुम्ही तो तेव्हाच दिलाय."

ती तणतणत लेलंडकडे गेली. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचीच कागदावर सही आणली की समितीचं तोंड बंद होईल, हा तिचा हिशेब. गाडी मी चालवत होते, म्हणून हे माझ्या कानांनी ऐकलंय. लेलंड टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. त्याने कागद वाचला, घडी घालून परत दिला.

"दहा पाट्यांपैकी किती पाट्यांवर माझं नाव आहे?"

"एका."

"मग तीच काढायला निघालीस होय?"

"अरे, पण ते चूक म्हणून आहे."

"असू दे. एकोणीस वर्षं खेळलो मी, आर्डिथ. दुसरं काही आठवतंय कोणाला?"

तिला आठवत होतं. त्याचा प्रत्येक झेल तिच्या वह्यांत होता. पण वह्या तिच्या कपाटात, आणि कुंपणावर जागा दहाच पाट्यांची. परतीच्या वाटेवर ती माझ्यावरच चिडली, गाडी फार हळू चालवते म्हणून.

समारंभाला लेलंड इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि त्या पाटीखाली उभा राहून त्याने आर्डिथला फोटोसाठी हाक मारली. ती गेली, पाय आपटत. फोटो मीच काढला. लेलंड त्यात नवरदेवासारखा हसतोय. आर्डिथ मान वर करून पाटी वाचतेय, आणि कितीही सांगितलं तरी तिने कॅमेऱ्याकडे बघितलं नाही.