एका ठिपक्याची चूक

चिंचपोकळीच्या मालन परब यांनी सव्वीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात चेकरचं काम केलं. सुटलेला टाका त्यांच्या नजरेतून निसटत नसे. निवृत्तीनंतर त्या फुलपाखरं मोजणाऱ्या एका गटात गेल्या. हा गट कॉलेजात शिकवणारी नूपुर चालवते. मालनताईंकडे भायखळ्याची एक बाग आली. सप्टेंबर ते जानेवारी, दर रविवारी सकाळी ठरलेल्या वाटेने चालायचं आणि दिसेल ते फुलपाखरू वहीत नोंदवायचं. चार हंगामांत त्यांचा एकही रविवार चुकला नाही.

यंदा मे-जूनमध्ये त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले. ऑगस्टमध्ये, नव्या हंगामाची उजळणी म्हणून, त्या मोबाइलवर गेल्या वर्षीचे फोटो बघत बसल्या. एक नारिंगी फुलपाखरू त्यांनी मोठं करून पाहिलं. वहीत नोंद होती ‘प्लेन टायगर’. पण प्लेन टायगरच्या मागच्या पंखावर तीन-चार काळे ठिपके असतात. इथे एकच होता. म्हणजे ही एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी, प्लेन टायगरसारखीच दिसणारी.

त्यांनी त्या हंगामाचे सगळे फोटो तपासले. प्लेन टायगरच्या एकसष्ट नोंदी, फोटो फक्त अकरांचे. त्यातले चार चुकलेले.

‘‘कोणाक कळतला गो?’’ नवरा गणपत म्हणाला.

‘‘मला कळलंय ना.’’

दुसऱ्या दिवशी त्या शिवाजी पार्कजवळ नूपुरच्या घरी गेल्या.

‘‘काकू, चार नोंदी दुरुस्त करू, झालं,’’ नूपुर म्हणाली.

‘‘आणि ज्यांचे फोटो नाहीत त्या पन्नास?’’

‘‘गेल्या हंगामाचा अहवाल केव्हाच पाठवून झालाय. शिवाय त्या बागेची दुसरी आकडेवारीच नाही आपल्याकडे.’’

‘‘दुसरा माल नाही म्हणून खराब माल पास करायचा? मी कधी केला नाही. काट त्या नोंदी.’’

नूपुरने गेल्या हंगामाची यादी उघडून चार नोंदी दुरुस्त केल्या. मग तिने त्या पन्नास नोंदींपुढे ‘संशयास्पद’ लिहिलं आणि अहवालातल्या दुरुस्तीचं पत्र तयार करायला घेतलं. मालनताई शेजारी बसून एकेक नोंद बघत राहिल्या. पाच महिन्यांचे रविवार होते ते.

‘‘आता माझी परीक्षा घे,’’ त्या म्हणाल्या.

नूपुरने दोन्ही जातींचे दुसरे पन्नास फोटो दाखवले, प्रत्येक तीन सेकंद. छत्तीस बरोबर आले.

पुढचे तीन आठवडे पाऊस उघडला की त्या बागेत जाऊन बसत. घरी रंगीत पेन्सिलींनी नुसते मागचे पंख काढत. गणपत आधी कुरकुरला, मग घड्याळ लावून फोटो दाखवू लागला. दुसऱ्या परीक्षेत सेहेचाळीस आले.

‘‘पुरे की काकू. मला तरी कुठे एवढे येतात?’’

‘‘मग तूही दे. सगळ्यांनीच द्यावी. आधी ते चार कुठले चुकले, दाखव.’’

नूपुरने दाखवले. त्याच आठवड्यात तिने गटातल्या सगळ्यांना परीक्षेची तारीख कळवली.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी मालनताई आठ वाजता बागेत हजर होत्या. तासाभरात बावीस नोंदी झाल्या. शेवटच्या वळणावर घाणेरीच्या झुडपातून काहीतरी नारिंगी उडालं आणि नजर ठरायच्या आत भिंतीपलीकडे गेलं. त्या दहा मिनिटं तिथेच थांबल्या. ते परत आलं नाही. मग त्यांनी वहीत लिहिलं, ‘नारिंगी, एक. ओळखता आलं नाही,’ आणि वेळ टाकून सही केली.