परग्रहवासीयाचे डोळे

टेम्पो कारखान्याच्या दारात उभा होता आणि आमचा राक्षस प्रेमाने बघत होता.

राक्षस म्हणजे परग्रहावरचा प्राणी. रोह्याच्या एका मंडळाने गणपतीच्या देखाव्यासाठी सांगितलेला. अध्यक्ष म्हात्रेंची अट एकच, पोरं घाबरली पाहिजेत. गेल्या वर्षी नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या मंडळाने भूत उभं केलं होतं. ते बघायला अर्धं रोहा पूल ओलांडून गेलं आणि ते म्हात्रेंच्या जिव्हारी लागलं.

मी पेणच्या या कारखान्यात आखणी करते. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हे अगदी शेवटचं काम. डोळे चुकले तर मूर्ती कितीही चांगली असो, गिऱ्हाईक तिच्याकडे बघत नाही.

राक्षसाचं काम मी मागून घेतलं होतं. शाळेच्या कपाटातल्या विज्ञानकथा मी अधाशासारख्या वाचल्या होत्या. पहिल्या पुस्तकात यंत्रमानव मालकालाच कामावरून काढून टाकतो. ते वाचून मी आठवडाभर खुशीत होते. दुसऱ्यात परग्रहावरचा प्राणी गावात उतरतो आणि पापणी न हलवता माणसांकडे नुसता बघत बसतो. त्यानंतर कित्येक दिवस मी विहिरीवर एकटी गेले नाही. ती मजा रोह्याच्या पोरांना द्यायचीच, असं मी ठरवलं होतं.

पण हात ऐकेना. इतकी वर्षं गणपतीचे डोळे काढलेले. ब्रश टेकला की वरची रेघ आपोआप तशीच मायेने वळते. पुसले, पुन्हा काढले, तर आणखी मायाळू झाले. डाव्या हाताने काढून बघितले, तर त्याला झोप आल्यासारखी वाटली.

"काय गो सुमन," आमचे शेठ म्हणाले, "ह्यो माणसं खायला आलाय का आशीर्वाद द्यायला?"

तेवढ्यात म्हात्रे आत आले. "ताई, ह्याला बघून पोरं घाबरायची नाय. मांडीवर जाऊन बसतील."

ऑर्डर जाते की काय, म्हणून मी सरळ थाप मारली.

"पुस्तकात असाच हाय तो. प्रेमाने बघतो, म्हणून माणूस जवळ जातो. माणसानं पाठ फिरवली की मान वळवतो."

"कुणाची?"

"आधी स्वतःची."

टेम्पोत चढवताना म्हात्रेंनी राक्षसाचं तोंड मागच्या बाजूला करायला लावलं.

गणपती बसल्यावर दोन-तीन दिवसांनी त्यांचा फोन आला.

"पोरं त्याच्याशी हात मिळवतात, ताई. म्हाताऱ्या जास्वंद वाहतात. आज कुणीतरी नारळ ठेवला."

"आणि अष्टमीवाले?"

"तेपण येतात. रांग लागते."

"मग तक्रार काय हाय?"

म्हात्रेंचा आवाज खाली आला. "आरतीला अध्यक्ष म्हणून पुढं मलाच उभं राहावं लागतं. त्यो मंडपाच्या दारात, माझ्या पाठीमागं. त्याची जागा बदलली तर चालंल काय?"

"बदला की," मी म्हणाले. "पण त्याला विचारून."

फोन ठेवल्यावर मला आठवलं, त्या पुस्तकात एकही चित्र नव्हतं. भीती घालायची तर रंगवत बसू नये, नुसतं सांगावं. ब्रशही धुवावा लागत नाही.